जुनी बस, खेकडा इंजिन, पद्मिनी आणि लाँच : मुंबईतल्या एका दिवसाच्या टूरचा रिव्ह्यू

दिवाळीच्या सुट्टीत ताईचा मुलगा ओजस नागपूरहून आमच्याकडे डोंबिवलीला आला होता. नववीत आहे, आणि गाड्यांचं वेड इतकं की कुठल्या इंजिनाला किती चाकं हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. त्याच्यासाठी म्हणून मी एक दिवसाची टूर बुक केली. सकाळी बेस्टचं, म्हणजे मुंबईच्या बससेवेचं म्युझियम, दुपारी सीएसएमटी, मग जुन्या पद्मिनी मोटारीतून गेटवे आणि शेवटी लाँचमधून बंदरात चक्कर, असा सगळा कार्यक्रम. माणशी 1,900 रुपये, जेवण आणि तिकिटं त्यातच. आम्ही एकूण बारा जण होतो.

टूरवाल्यांचं नाव मी इथे लिहीत नाहीये. दोन तरुण मुलं आहेत, नवीनच सुरुवात केलीये, आणि जे खटकलं ते मी त्याच संध्याकाळी त्यांना समोर बसवून सांगितलंय. शिवाय जो मुद्दा मला मांडायचाय तो त्यांच्या एकट्यापुरता नाही, अशा टूर घेणारे बरेच जण तेच करतात आणि टीव्हीवाले तर वर्षानुवर्षं करतायत.

आधी चांगलं सांगतो कारण चांगलं खूप होतं.

सुरुवात वडाळ्याच्या आणिक डेपोत. बेस्टचं हे म्युझियम 1984 साली कुर्ला डेपोत सुरू झालं आणि 1993 मध्ये आणिकला आलं, आणि खरं सांगतो, मी चाळीस वर्षं इथे राहतोय पण पहिल्यांदा गेलो. ट्रामची मॉडेल्स, जुन्या बसची मॉडेल्स, हँडल फिरवून तिकीट काढायची मशिन्स, कंडक्टरचे पंच. गाइडने (त्याला सगळे दादा म्हणत होते, मीही तेच म्हणतो) फार छान सांगितलं. 1874 च्या मे महिन्यात घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, 1907 साली विजेच्या आल्या, 1920 ला डबलडेकर ट्राम, आणि पहिली बस 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. दादर टीटी मधला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे ओजसला माहीत नव्हतं, तो एकदम उडालाच. माझ्या बाबांनी ती शेवटची ट्राम लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून बघितली होती, लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते असं ते सांगतात, मी ते ओजसला सांगितलं तर दादा म्हणाला काका हे जरा सगळ्यांना सांगा ना, आणि मला तिथे उभं करून सांगायला लावलं. हे मला फार आवडलं. टूरमध्ये आलेल्या माणसाकडे पण काहीतरी असतं हे त्याला कळतं.

डबलडेकरचं पण बोलणं झालं. 1937 पासून मुंबईत डबलडेकर बस होत्या आणि डिझेलवाली शेवटची 15 सप्टेंबर 2023 ला बंद झाली. आता एसी इलेक्ट्रिक डबलडेकर आहेत, चांगल्या आहेत, पण वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून खिडकीतून तोंडावर येणारा वारा त्यात नाही.

तिथून सीएसएमटी. आता इथे मी थोडा वेळ काढणार आहे कारण माझे बाबा परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते, बत्तीस वर्षं, त्यामुळे रेल्वेच्या बाबतीत मला कोणी काहीही सांगून चालत नाही. पण या दादाने अभ्यास केलेला होता. बिल्डिंग बघायची तर वीकडेला जावं लागतं, आम्ही गुरुवारी गेलो होतो. मधल्या घुमटाखालचा जिना, जो भिंतीतून बाहेर निघालाय आणि मध्ये कुठेच खांब नाही, तो खालून वर बघितला की मान दुखेपर्यंत बघत राहावंसं वाटतं. 1878 ला काम सुरू, दहा वर्षं लागली, खर्च सोळा लाख रुपयांच्या वर, आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. दगडावरचे मोर, माकडं, पानं, फुलं यातलं बरंचसं काम जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलंय. गेटवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ, सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. जगन्नाथ शंकरशेटांचा पुतळा पण दाखवला आणि त्यांच्याशिवाय इथे रेल्वे एवढ्या लवकर आली नसती हे नीट सांगितलं. 16 एप्रिल 1853 ची पहिली गाडी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, बोरीबंदर ते ठाणे, हे तर आपल्याला शाळेपासून पाठ आहे.

पण खरी मजा बाहेर. अठरा नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूला हेरिटेज गल्ली आहे, तिथे जायला तिकीट पण नाही लागत, आणि रोज हजारो लोक शेजारून धावत जातात पण थांबत कोणी नाही. तिथे ‘सर लेस्ली विल्सन’ उभं आहे. 1928 चं स्विस बनावटीचं इलेक्ट्रिक इंजिन, मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव दिलेलं. रेल्वेफॅन मंडळी याला क्रोकोडाइल म्हणतात पण आपल्या लोकांनी त्याला नाव दिलं होतं खेकडा. का, ते चालताना बघितल्याशिवाय कळत नाही. विजेचं इंजिन असूनही त्याला स्टीम इंजिनासारखे बाहेरून दांडे आहेत, चाकांना जोडलेले, आणि ते फिरायला लागले की खेकडा पाय हलवत आडवा चाललाय असं वाटतं. दोन्ही टोकांना लांब नाकं आणि अंग तीन तुकड्यांत जोडलेलं, म्हणजे घाटातल्या वळणावर ते स्वतः वाकतं. भोर घाटात विजेच्या तारा आल्या 1929-30 च्या सुमारास आणि या इंजिनांनी मग मालगाड्या वर चढवल्या, वर्षानुवर्षं. नव्वदच्या सुरुवातीपर्यंत ही व्हीटीच्या, म्हणजे आताच्या सीएसएमटीच्या, यार्डात शंटिंगला (डबे इकडून तिकडे हलवायला) होती, बाबांनी मला सहा सात वर्षांचा असताना प्लॅटफॉर्मवरून दाखवलेलं मला अजून आठवतं, खालून येणारा घरघर आवाज आणि त्या दांड्यांचा ठेका.

ओजसने त्या दांड्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. दादाने घाई केली नाही. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

आता जे खटकलं ते.

हेरिटेज गल्लीतून आम्ही मेन लाइनच्या हॉलमध्ये आलो, लांब पल्ल्याच्या गाड्यांचा हॉल, लोक बॅगांवर डोकं ठेवून झोपलेले असतात तो. तिथे दादाचा आवाज एकदम बदलला. सकाळपासून तो इंजिनाबद्दल जसा बोलत होता तसा नाही, टीव्हीवरच्या क्राइम शो सारखा. “आता आपण जिथे उभे आहोत ना, एक्झॅक्टली इथे कसाब उभा होता.” मग त्याची ती बॅग, ती रायफल, तो फोटो, कसा चालत गेला, कुठून वळला, कुठल्या पुलावरून गेला, लोक त्या पुलाला कसाब पूलच म्हणतात वगैरे. पाच सात मिनिटं. आमच्यातल्या दोघांनी तिथे उभं राहून सेल्फी काढला. समोर एक बाई पोराला डबा भरवत होती, तिने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि मला अक्षरशः लाज वाटली.

ओजसचा जन्म 2011 चा. त्याला 26/11 म्हणजे जे कोणी सांगेल तेच. आणि त्या पाच सात मिनिटांत त्याला एका माणसाचं नाव कळलं, मारणाऱ्याचं.

मी दादाला विचारलं, झेंडेंचं सांगणार आहेस ना? तर त्याला नाव माहीत नव्हतं. मग मी सांगितलं. त्या रात्री विष्णू झेंडे हे अनाउन्सर ड्युटीवर होते. स्फोटाचा आवाज ऐकला, माणसं पळताना दिसली, आणि ते माइक सोडून गेले नाहीत. लोकल येतच होत्या, प्रत्येक लोकलमधून शेकडो लोक उतरून सरळ हॉलच्या दिशेने चालत येणार, आणि हा माणूस हिंदीत, मराठीत परत परत सांगत राहिला की मेन लाइनकडे येऊ नका, एक नंबरवरून मागच्या बाजूने बाहेर पडा. त्यांच्या केबिनच्या दिशेने गोळीबार झाला तरी. स्टेशनात पन्नासहून जास्त माणसं गेली त्या रात्री, आणि किती वाचली त्याची मोजदाद कोणी कशी करणार. रेल्वे पोलिसांचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे तिथेच गेले. हातात काय होतं आणि समोर काय होतं हे माहीत असून ते पुढे गेले. कसाब नेमका कुठल्या फरशीवर उभा होता हे सांगणाऱ्या टूरमध्ये ही दोन नावं नाहीत हे मला सहन होत नाही.

दादाचा एकट्याचा दोष नाही हे मला कळतं. हे त्याला कुठून आलं? बातम्यांतून. दर नोव्हेंबरला कुठलंही चॅनेल लावा, तोच एक फोटो, लाल गोल, बाण, ग्राफिक्स. 2008 मध्ये तर यांनी तीन दिवस ताजसमोर कॅमेरे लावून कमांडो कुठून कुठे चाललेत ते लाइव्ह दाखवलं आणि पलीकडे बसलेले हँडलर ते बघून फोनवरून आतल्यांना सूचना देत होते. 2012 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने कसाबची फाशी कायम केली त्याच निकालात चॅनेलवाल्यांना यावरून चांगलंच सुनावलंय. पण शिकलं कोणी? एप्रिल 2025 मध्ये 26/11 च्या कटातल्या आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणलं तेव्हा परत विमान कुठे उतरणार, ताफा कुठून जाणार, तेच. त्या दोन दिवसांत मी मुद्दाम बघत होतो, सीएसएमटीवर गेलेल्यांच्या घरच्यांपैकी किती जणांना नीट बोलू दिलं. मला तरी एकच मुलाखत दिसली, दोन मिनिटांची, मध्येच ब्रेक.

आणि जे प्रकरण खरंच समजावून सांगायला हवं होतं ते आलं आणि गेलं. 11 जुलै 2006. वेस्टर्नच्या सात लोकल, फर्स्ट क्लासचे डबे, अकरा मिनिटांत सात स्फोट. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. एकशे ऐंशीहून जास्त माणसं, ऑफिसमधून घरी निघालेली. मी तेव्हा लोअर परळला नोकरीला होतो, माझी लाइन सेंट्रल म्हणून मी घरी पोचलो, आमच्या मजल्यावरचा एकजण नाही पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल धावत होत्या. त्याला सगळे स्पिरिट स्पिरिट म्हणतात, मला तो शब्दच आवडत नाही, लोक कामावर गेले कारण जायलाच लागतं, पण रात्रीतून ते रूळ, त्या वायरी, तो सगळा पसारा साफ करून गाडी चालू करणारे जे गँगमन आणि लाइनमन होते त्यांचं काम मात्र खरंच मोठं होतं. आणि मग एकोणीस वर्षांनी, 21 जुलै 2025 ला, हायकोर्टाने खालच्या कोर्टाने दोषी ठरवलेल्या बाराच्या बारा जणांना निर्दोष सोडलं. तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत आत टाकायचं नाही. म्हणजे आज जर मला ओजसने विचारलं की मामा, मग बॉम्ब ठेवले कोणी, तर माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्याकडे नाही. आणि जे एवढी वर्षं आत होते आणि आता कोर्ट म्हणतं की पुरावा नाही, त्यांची वर्षं पण कोणी परत देणार नाही. याच्यावर चॅनेलवर किती दिवस चर्चा झाली? जेमतेम आठवडा. तपासात काय चुकलं हे कोणी नीट बसून सांगितलं नाही, एकमेकांवर ओरडले आणि पुढच्या विषयावर गेले.

असो, टूरकडे येतो.

चारच्या सुमारास दोन पद्मिनी आल्या. टॅक्सी नाहीत आता त्या, शेवटची काळी पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस रस्त्यावरून गेली, वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. या खासगी आहेत, नीट जपलेल्या, पण चालवणारे दोघंही काका पूर्वी टॅक्सीच चालवायचे. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढे सोफ्यासारखी सलग सीट, खिडकी खाली करायला हँडल. ओजसने एका फेरीत तीनदा खिडकी वर खाली केली.

गाडीत दादाने वालचंद हिराचंदांचं सांगितलं आणि हा टूरमधला माझा सगळ्यात आवडता भाग, कारण इथे दिवसभराचं सगळं जुळलं. वालचंद सोलापूरचे. सुरुवात केली ती रेल्वेच्या ठेकेदारीपासून, बार्शी लाइटच्या कामावर. बार्शी लाइट म्हणजे अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, कुर्डुवाडी ते बार्शी, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजपर्यंत गेली, आषाढीला वारकरी टपावर बसून जायचे. मग याच माणसाने भोर घाटातले बोगदे केले. मग सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली आणि 5 एप्रिल 1919 ला ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, ब्रिटिश कंपन्यांच्या नाकावर टिच्चून, आज 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस असतो तो त्यामुळे. आणि 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कारखाना कुर्ल्याला, जिथून पुढे फियाट आणि मग तीच पद्मिनी बाहेर पडली. रेल्वे, जहाज आणि मोटार, तिन्ही एका सोलापूरच्या माणसाच्या आयुष्यात. दादाने हे इतकं मन लावून सांगितलं की पुढच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या आम्हाला हे शाळेत का नाही शिकवलं.

गेटवेला उतरलो. आमच्या पद्मिनीचे काका, उत्तर प्रदेशातले, पण मराठी आपल्यासारखंच बोलतात. गाडी लावताना त्यांनी स्वतःहून सांगितलं, दादाने विचारलं पण नव्हतं. “इथेच लावायचो मी पण. ऑगस्ट 2003 ला इथेच टॅक्सीत बॉम्ब फुटला.” 25 ऑगस्ट, दुपारची वेळ, एक टॅक्सी इथे गेटवेला आणि एक झवेरी बाजारात. पन्नासहून जास्त माणसं गेली. टॅक्सीच्या डिकीत सामान ठेवून थांबायला सांगितलेलं. इथल्या टॅक्सीचा ड्रायव्हर गाडीपासून लांब गेलेला होता म्हणून वाचला, आणि त्याने सांगितलेल्या वर्णनावरून पोलिस पुढे पोचले. काका म्हणाले त्यानंतर कितीतरी महिने कोणी डिकी उघड म्हटलं की हात थरथरायचा, आणि लोक टॅक्सीवाल्याकडेच संशयाने बघायचे.

त्यांना बोलून जेमतेम दोन मिनिटं लागली असतील. आवाज चढवला नाही, जागा दाखवायला बोट पण केलं नाही. ओजस त्यांच्याकडे बघत उभा होता आणि मग त्याने विचारलं, काका मग तुम्ही दुसऱ्या दिवशी गाडी काढली? ते म्हणाले, काढली, भाडं द्यायचं होतं मालकाला.

तेव्हा मला नीट कळलं की सीएसएमटीला मला नेमकं काय खुपलं. या शहरात अतिरेक्यांनी बहुतेक वेळा गाडीच वापरलीये. 12 मार्च 1993 ला वरळीला सेंच्युरी बाजारसमोर स्फोट झाला त्यात बेस्टची बस सापडली. डिसेंबर 2002 आणि जुलै 2003, दोन्ही वेळा घाटकोपरला, बेस्टच्या बसमध्येच. मार्च 2003 ला मुलुंडला लोकलमध्ये. मग टॅक्सी. मग परत लोकल. आणि 26/11 ला तर समुद्रातल्या बोटीपासून सुरुवात. गाडी का, तर ती सगळ्यांची असते, कोणीही चढतं, कोणी नाव विचारत नाही. ज्या गोष्टीमुळे मुंबईची बस आणि लोकल आपल्याला आवडते नेमकी तीच गोष्ट त्यांनी वापरली. मग गाड्यांची टूर घेणाऱ्या माणसाने हे टाळून कसं चालेल? टाळू नये. पण गाडीच्या बाजूने सांगावं. चालवणाऱ्याच्या, तिकीट फाडणाऱ्याच्या, माइकवर बोलणाऱ्याच्या बाजूने. खेकड्याबद्दल सांगताना तो घाट चढवणाऱ्या ड्रायव्हरचं सांगतो ना आपण, तसंच.

शेवटची लाँच. अर्ध्या तासाची चक्कर, सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावलं, नेव्हीच्या बाजूला फोटो काढू नका हे आधीच बजावलं, दोन्ही चांगलं केलं. ऊन उतरलेलं, पाणी शांत, मागे ताज आणि गेटवे. दादाने वाडियांच्या गोदीचं सांगितलं, इथे सागवानाची जहाजं बांधली जायची आणि ती ओकच्या जहाजांपेक्षा जास्त टिकायची, 1817 साली इथे बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षांवर झाली, आणि लाकूड आपल्याकडचं.

मग विक्रांत. जुनी विक्रांत, 1961 ची, 71 च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलेली. 1997 ला निवृत्त झाली, पुढे म्युझियम म्हणून लोकांना बघायला खुली होती, मी स्वतः बाबांबरोबर गेलोय, डेकवर उभं राहिलं की क्रिकेटचं मैदान वाटायचं. 2012 ला बंद केली आणि 2014 ला भंगारात, मुंबईतल्या दारूखान्याच्या जहाज तोडायच्या यार्डात तोडली. तिच्या लोखंडातून मोटरसायकलच्या टाक्या बनल्या. नवी विक्रांत आली 2022 ला, अभिमान आहेच, पण जुनी जपता आली असती तर आज ओजसला दाखवायला ती जागा असती. इंग्लंडने सागवानी जहाज दोनशे वर्षं सांभाळलं आणि आपण आपली विक्रांत नाही सांभाळली, हे मला नेहमी लागतं.

परत फिरताना मी दादाला म्हटलं, मी दोन मिनिटं बोलू का? तो हो म्हणाला. मी कुबेरचं सांगितलं. पोरबंदरची मासेमारीची ट्रॉलर, तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान अमरसिंह सोलंकी आणि आणखी चार खलाशी. 26/11 ला सगळ्यात आधी मेले ते हे पाच जण, मुंबईत पहिली गोळी सुटायच्या आधी, भर समुद्रात. त्यांची बोट पळवून तिच्यावरून दहा जण इथपर्यंत आले, मग रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले, तिथल्या कोळी लोकांनी त्यांना हटकलं पण होतं, तुम्ही कोण म्हणून. आणि मग टॅक्सी. दोन टॅक्सींमध्ये त्यांनी बॉम्ब ठेवले, एक वाडीबंदरला फुटली, एक पार्ल्याला हायवेवर, दोन्ही ड्रायव्हर गेले. त्यांना माहीत पण नव्हतं आपण कोणाला सोडून आलोय ते. ताज, ओबेरॉय, ओंबळे साहेब हे सगळ्यांना माहीत आहे आणि असायलाच हवं, पण या खलाशांचं आणि या ड्रायव्हरांचं कोणी बोलत नाही.

लाँचवर कोणी काही बोललं नाही. लाँच चालवणारा सारंग, म्हातारा माणूस, मागून ऐकत होता बहुतेक, त्याने इंजिन थोडं हळू केलं. कदाचित धक्का जवळ आला म्हणून असेल.

उतरल्यावर मी दादाला आणि त्याच्या पार्टनरला कोपऱ्यावर चहा पाजला आणि सगळं सांगितलं. सेल्फी काढू देऊ नका. कसाबचं नाव एकदा घ्या, पुरे. झेंडेंचं सांगा, शिंदेंचं सांगा, आणि पद्मिनीच्या काकांना विचारून त्यांचं बोलणं टूरचा भाग करा, पैसे जास्त द्या त्यांना. माहीमला वेस्टर्नच्या स्टेशनात 2006 च्या मृतांचं स्मारक आहे, तिथे पाच मिनिटं नेता आलं तर न्या. पार्टनर म्हणाला लोकांना थ्रिल आवडतो काका, रिव्ह्यू त्यावर चांगले येतात. मी म्हटलं मग माझा वाचा. दादाने मात्र मोबाइल काढून नावं लिहून घेतली, झेंडे की झेंडा हे परत विचारून.

बाकी बारीकसारीक. जेवण ठीक, फोर्टातल्या एका साध्या थाळीच्या ठिकाणी नेलं, पोळ्या गरम होत्या. दिवसभरात चालणं बरंच होतं, म्हाताऱ्या माणसांना आणिक गाळून सरळ सीएसएमटीला बोलवावं. पाण्याची बाटली प्रत्येकी एकच दिली, उन्हात कमी पडते, आपली घेऊन जा. हेडफोन वगैरे नाहीत, त्यामुळे स्टेशनात दादाचं बोलणं अनाउन्समेंटमध्ये बुडतं, पुढे उभे राहा. पैसे वसूल होतात, त्याबद्दल शंका नाही. गाड्यांच्या माहितीला पाचपैकी पाच, 26/11 च्या त्या सात मिनिटांना एक, आणि तो एक पण नावं लिहून घेतली म्हणून.

डिसेंबरमध्ये बाबांना घेऊन परत जाणार आहे, गुडघे दुखतात त्यांचे म्हणून फक्त सीएसएमटी. फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलं हेच विचारलं, खेकड्याच्या दांड्यांना तेल लावलेलं दिसलं का रे? ओजस म्हणाला, हो आजोबा, माझा हात काळा झाला.